जपानी शिस्तीचा अर्धा धडा

कारखाना नीट चालत नसला की त्याचा दोष कामगाराच्या स्वभावावर ढकलण्याची प्रथा जुनी आहे. जपानी कामगार जात्याच शिस्तप्रिय आणि मालकनिष्ठ. आपला माणूस तसा नाही, म्हणून आपल्या मालाला ती सर येत नाही, हा युक्तिवाद आपल्याकडे अनेक वर्षे ऐकू येतो. तो सोयीचा आहे. इतिहासाच्या कसोटीला मात्र उतरत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी कामगार एका जागी टिकत नाहीत, ही जपानी कारखानदारांचीच नित्याची तक्रार होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशी जगभर ख्याती होती. पुढील दोन-तीन दशकांत माणसे बदलली नाहीत. कामाची पद्धत बदलली. त्या पद्धतीचे एक मूळ तर अमेरिकेत होते. तयार मालातील सदोष नग वेचण्यापेक्षा उत्पादन चालू असतानाच त्यातील चढउतार मोजावेत, यासाठी वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण-आलेख मांडला. हाच विचार घेऊन एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघापुढे व्याख्याने दिली. बहुतेक दोष कामगाराचे नसून व्यवस्थेचे असतात आणि व्यवस्था सुधारणे हे व्यवस्थापकांचे काम आहे, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा होय.

मालकनिष्ठेची कथाही अशीच आहे. १९५० मध्ये टोयोटा कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. कामगारकपातीवरून मोठा संघर्ष झाला आणि अध्यक्ष कीइचिरो तोयोदा यांना पद सोडावे लागले. १९५३ मध्ये निस्सान कंपनीत दीर्घ संप झाला. अशा संघर्षांतून मोठ्या कंपन्यांत एक तडजोड रुजली : कायम कामगाराच्या नोकरीला धक्का लावायचा नाही, सेवाकाळाप्रमाणे वेतन वाढवायचे आणि त्याच्या मोबदल्यात कामगारांनी नव्या पद्धती स्वीकारायच्या. स्त्रिया, हंगामी कामगार आणि लहान पुरवठादारांचे नोकर बहुधा या तडजोडीबाहेरच राहिले. ज्याला प्राचीन संस्कार म्हटले जाते, तो असा अलीकडचा आणि मर्यादित करार होता.

भारताला हे ज्ञान उशिरा मिळाले, असेही नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून स्वतः शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. उणीव होती ती गरजेची. जपानला निर्यातीवाचून तरणोपाय नव्हता. आपल्याकडे परवान्यांच्या संरक्षित बाजारपेठेत ग्राहक स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबत असे. जो माल बनेल तो खपणारच असेल, तर दोष मोजण्याची तसदी कोण घेणार?

ती बाजारपेठ १९९१ नंतर पालटली. चाकणपासून गुरुग्रामपर्यंतच्या वाहन कारखान्यांत जपानी पद्धतींचे फलक लागले, परंतु त्यामागील करार मात्र आला नाही. कंत्राटी आणि मुदतीच्या कामगारांवर उत्पादनाचा मोठा भार टाकून त्यांच्याकडून सुधारणेच्या सूचना मागितल्या जातात. ज्याची नेमणूक काही महिन्यांत संपणार, त्याने एका माणसाचे काम वाचवणारी युक्ती का सुचवावी? वाचणारा तो माणूस बहुधा तो स्वतःच असतो.

स्पर्धेच्या युगात कायम नोकरी परवडत नाही, असे उद्योजक म्हणतात. मागणीच्या चढउतारात त्यांची अडचण खरी आहे, आणि खुद्द जपानमध्येही आज एक तृतीयांशाहून अधिक नोकरदार अनियमित स्वरूपाच्या कामावर आहेत. परंतु मग निष्ठेची अपेक्षाही त्याच प्रमाणात कमी करावयास हवी. सुरक्षितता नाकारायची आणि निष्ठेसाठी संस्कृतीचे दाखले द्यायचे, हा व्यवहार एकतर्फी ठरतो. डेमिंग यांचे आलेख भिंतीवर लावणे सोपे आहे. दोष आधी व्यवस्थेत शोधावा, हे त्यांचे म्हणणे व्यवस्थापकांनी स्वतःला लागू करणे अवघड आहे. जपानकडून खरोखर शिकण्यासारखे ते हेच.