आधी निदान, मग दुरुस्ती

१९३२ साली निजामाच्या रेल्वेने हैदराबाद संस्थानात २७ बसगाड्या सुरू केल्या; आज आमच्या तारनाक्यावर वाहनांची गणती नाही. पण मोटारीचे पेट्रोल इंजिन दुबळे झाले की ते लगेच उघडावयाचे, ही रीत आम्हांस मान्य नाही. प्रथम प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजावा. तो कमी भरल्यास प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला, तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्या. न वाढला, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट तपासावे. व्हॉल्व्ह घासून बसविण्याने जे काम भागते, त्यासाठी रिंगा बदलणे म्हणजे गरीब टॅक्सीवाल्याची कमाई बुडविणे होय. कारण शोधल्यावाचून उपाय करू नये, हे आपण विद्यार्थ्यांनीही ध्यानी धरावे.