घर विकले, पण मुक्काम तिथेच!

जव्हार आणि मोखाड्याच्या बाजारात पुढे दुकान आणि मागे घर अशा मिळकती आहेत. शिलाईवाला, बेकरीवाला, किराणावाला, यांची रोजी आणि राहणे एकाच छपराखाली. अशा घराचे खरेदीखत झाले म्हणून विकणारा त्याच संध्याकाळी उठून जाऊ शकत नाही. नाशिकला किंवा भिवंडीला घेतलेली जागा अजून तयार नसते, मुलाची दहावी असते, नाहीतर पावसाळा तोंडावर आलेला असतो. इथल्या पावसात मशीन, कपाटे आणि धान्याच्या कोठ्या हलवणे म्हणजे काय, ते इथल्यांनाच ठाऊक. मग बैठकीत कोणीतरी म्हणतो, "राहा की चार महिने, भाडे देत जा. आपलाच माणूस आहे." चहा येतो आणि बोलणे दुसरीकडे वळते.

आमचे म्हणणे असे की, हेच बोलणे सर्वांत आधी कागदावर यायला हवे. कालपर्यंतचा मालक आज भाडेकरू झालेला असतो, पण ते ना त्याच्या अंगवळणी पडलेले असते, ना घेणाऱ्याच्या. चार महिन्यांचे दहा होतात. घेणारा तगादा लावतो, विकणारा म्हणतो भाव कमी दिला होता, आणि दोन घराणी एकमेकांच्या लग्नाला जायची बंद होतात. कुरआनातील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, २८२) मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे, हे आम्ही वाचकांना नव्याने सांगायला नको. तरीही आपल्याकडे कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा समज आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे मालकी घेणाऱ्याकडे गेली की नुकसानही त्याच्याकडे जाते. विकणाऱ्याच्या चुकीशिवाय भिंत पडली किंवा वाऱ्याने पत्रे उडाले तर तोटा नव्या मालकाचा. किंमत पुरी मिळण्याआधी मालकी दिली असेल तर बाकी रकमेपुरता विकणाऱ्याचा बोजा त्या मिळकतीवर राहतो. मात्र "संपूर्ण रक्कम पावली" असे खरेदीखतात लिहून दिले आणि प्रत्यक्षात पन्नास हजार "घर खाली केल्यावर देतो" म्हणून अडकवले, तर ते पन्नास हजार वसूल करणे फार कठीण जाते. रक्कम रोखून धरण्यात गैर काही नाही. घेणाऱ्याला तेवढी खात्री हवीच. पण रोखली आहे, किती रोखली आहे आणि कोणत्या तारखेला मिळणार, हे दस्तात आले पाहिजे.

राहण्याचा करार खरेदीखताहून वेगळा करावा. भाडे, अनामत, घर सोडण्याची तारीख, घरपट्टी आणि वीजबिल कोणाचे, दुरुस्ती कोणाची, एवढे त्यात असले तरी पुष्कळ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जेथे लागू आहे तेथे करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे सक्तीचे आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे येथे नुकत्याच झालेल्या मालकाची. नोंदणी केली नाही तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस उठला नाही तर त्याच्याकडून ठरल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते. खर्चाची सबब सांगू नये. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर शेकडा पाव पडते. एवढा खर्च तर बैठकीच्या चहा-नाश्त्यावर होतो.

हा झाला सरळ व्यवहार. आम्हाला खरी काळजी आहे ती दुसऱ्या प्रकाराची. त्याचे बाहेरचे रूप अगदी असेच असते.

समजा, एका कारागिराला पाच लाखांची नड आहे. घर बारा लाखांचे. पैसे देणारा म्हणतो, पाच लाखांना खरेदीखत करून दे, घरात तूच राहा, महिना साडेबारा हजार भाडे दे, पैसे परत केलेस की घर परत. तसल्या घराला जव्हारात तीन-चार हजारांहून जास्त भाडे कोण देईल? साडेबारा हजार म्हणजे पाच लाखांवर महिना शेकडा अडीच, सालीना तीस टक्के. २०१४ साली ठरलेल्या दराप्रमाणे परवानाधारक सावकारालाही बिगरशेती तारणी कर्जावर सालीना पंधरा टक्क्यांपुढे जाता येत नाही. याला भाडे म्हणायला आमची जीभ वळत नाही.

ही युक्ती जुनी आहे. परतीच्या शर्तीवरच्या विक्रीला फिकहात बैउल-वफा म्हणतात. उस्मानी सल्तनतीच्या 'मजल्ला' या कायदेसंहितेत (१८६९ ते १८७६) तिची व्याख्या ११८ व्या कलमात आहे आणि विकणाऱ्यानेच ती वस्तू भाड्याने घेण्याचा प्रकार ११९ व्या कलमात वेगळा नोंदवला आहे. म्हणजे एके काळी लोकांच्या नडीपोटी तिला वाट दिली गेली. पण १९९२ साली जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने बैउल-वफा नाजायज ठरवली, कारण मुळात ते नफा देणारे कर्जच आहे. "व्याज घेत नाही, भाडे घेतो" असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हा निर्णय एखाद्या आलिमाकडून समजून घ्यावा.

आपल्या कायद्यातही नडलेल्या माणसासाठी एक खाच आहे. परतीची शर्त त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण ठरू शकतो. १९२९ च्या दुरुस्तीपासून हा नियम आहे. शर्त वेगळ्या कागदावर किंवा तोंडी असेल तर गहाण म्हणून दाद मागण्याची वाट बंद होते आणि घर गेल्यात जमा. पैसे देणाऱ्याला हे माहीत असते, म्हणूनच तो म्हणतो, "शर्त कशाला लिहायची, जबान दिली आहे ना."

या दोन तालुक्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन्ही अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीने जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय घेणे जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमाने १९७४ पासून बंद आहे. त्यात विक्रीबरोबर गहाण आणि भाडेपट्टाही येतो. तेव्हा एखाद्या वारली किंवा कोकणा बांधवाचे घर जागेसकट "घेऊन" त्यालाच भाड्याने ठेवण्याचा विचारही आपल्या व्यापाऱ्यांनी करू नये. तो व्यवहार टिकणार नाही, आणि टिकूही नये.

नड असेल तर घर बाजारभावाने विकावे, पुरते पैसे घ्यावेत आणि भाड्याने दुसरीकडे राहावे. किंवा कर्जाला कर्ज म्हणून गहाणखत करावे. आधीच फसलेल्यांना महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या १८ व्या कलमाखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. कर्जाच्या तारणापोटी खरेदीखत झाल्याचे चौकशीत दिसले तर मिळकत परत मिळू शकते. अर्जाला मुदतीचे बंधन आहे, म्हणून वर्षे घालवू नयेत. तेथे उपयोगी पडतो तो दर महिन्याचा पुरावा. "भाडे" रोखीने न देता बँकेतून द्यावे. घेणारा रोखच मागत असेल तर तारीख आणि सहीची पावती घेतल्याशिवाय पैसे हातावर ठेवू नयेत.