लॉसलेस आलं, पण घरातला डबा तयार आहे का?

नोव्हेंबर २०२५मध्ये स्पॉटिफायने भारतात प्लॅटिनम प्लॅन आणला आणि त्यात लॉसलेस ऑडिओ दिला. ॲपल म्युझिकवर तो २०२१पासूनच आहे. पण इथे खामगावात मी बघतो, तर फोन ॲम्पला जोडलेला असतो ब्लूटूथवर. सीडीच्या दर्जाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. सोनीचा एलडॅक कोडेक जास्तीत जास्त ९९० पाठवतो, साधा एसबीसी त्याहून बराच कमी. म्हणजे जास्तीचे पैसे वाटेतच गळतात.

म्हणून नवा प्रीॲम्प (फोन, टीव्ही सगळं एकत्र घेऊन आवाज सांभाळणारा डबा) बघताना पहिली अट वायफाय किंवा यूएसबी इनपुट. दुसरी एचडीएमआय एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एकाच केबलने येतो आणि टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो.

माझ्या मते खरी गोष्ट मात्र इक्वलायझर. डब्यावरचे 'पीएमपीओ' वॅट बघून भुलू नका, तो आकडा निव्वळ जाहिरात आहे.

आपली खोली साधारण १० बाय १२ फूट, भिंती उघड्या, वर स्लॅब. अशा खोलीत ५६ आणि ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज भिंतींमध्ये अडकून घुमतो. हे गणित खोलीच्या मापाचं आहे, स्पीकर कितीही महाग घ्या. बेसचं बटण फिरवलं तर सगळाच बेस कमी होतो, ढोलकीतला जीवही जातो. पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये नेमके ५६ हर्ट्झ निवडून तेवढेच खाली आणता येतात. शेजाऱ्यांनाही बरं, कारण भिंतीपलीकडे जातो तो हाच घुमारा. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५.

आणि हो, लाईट गेली तरी सेटिंग लक्षात राहायला हवं. आपल्याकडे ही चैन नव्हे, गरज आहे!

विम अल्ट्रासारख्या डब्यात वायफाय, एआरसी, पॅरामेट्रिक इक्वलायझर आणि फोनच्या माइकने खोली मोजायची सोय आहे. पॉवर ॲम्प मात्र वेगळा घ्यावा लागतो, तो खर्च आधीच धरा.

खरेदीआधी टोन जनरेटर ॲपमधून घरच्या स्पीकरवर ४० ते ८० हर्ट्झ हळू आवाजात सरकवून बघा. ज्या आकड्यावर खिडकीची काच किंवा मांडणीतली भांडी थरथरतील, तो लिहून दुकानात न्या आणि विचारा, "भाऊ, एवढाच कमी करता येतो का?"