शहाण्याने ही पायरी चढावी

नेदरलँड्समधल्या मराठी घरात नोकरीवर गदा आली की चहूबाजूंनी एकच सल्ला मिळतो: भांडू नका. आपण परके, व्हिसा कंपनीच्या हातात, कायदे डच लोकांसाठी. देतील ते घ्या, सही करा आणि दुसरी नोकरी बघा. सल्ला देणारा बहुधा मायेनेच बोलत असतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच तो मोठा झालेला असतो. एचआरने खोलीत बोलावून तासाभरात राजीनामा लिहून घेतल्याच्या हकिकती त्याने हिंजवडीत जवळून पाहिलेल्या असतात. पण तिथला अनुभव इथे लावणे चूक आहे, आणि या चुकीपायी माणसे हातचे हक्क सोडून देतात.

सल्ला देणाऱ्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा आधी घेतो. ‘हायली स्किल्ड मायग्रंट’ म्हणून आलेल्याचा परवाना मान्यताप्राप्त कंपनीतल्या नोकरीवर अवलंबून असतो. नोकरी संपली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. मुलांची शाळा आणि घराचे कर्ज डोक्यावर असताना तीन महिने म्हणजे काहीच नव्हे. ही भीती खरी आहे. पण हे तीन महिने मोजायला सुरुवात कधी होते? एचआरने मीटिंगला बोलावले त्या दिवशी नव्हे, करार कायदेशीररीत्या संपतो त्या दिवशी. म्हणजे जो घाबरून लवकरची तारीख मान्य करतो, तो स्वतःच्या हाताने स्वतःची मुदत तोडतो. व्हिसाची काळजी असेल तर घाईने सही करू नये, हाच त्यातून निघणारा निष्कर्ष आहे.

आणि कंपनी एकतर्फी करार संपवू शकते का? कायम करार असेल आणि प्रोबेशन उलटले असेल, तर सहसा नाही. कामावरून काढायला आधी सरकारी परवानगी लागावी, हा नियम या देशाने १९४५ साली, महायुद्धाच्या राखेतून उभे राहताना केला. २०१५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, पण गाभा तोच राहिला. आर्थिक कारण किंवा दोन वर्षांहून लांबलेले आजारपण असेल तर कंपनीने ‘यूडब्ल्यूव्ही’ या सरकारी संस्थेची परवानगी काढायची. काम समाधानकारक नाही, पटत नाही, अशी कारणे असतील तर न्यायाधीशापुढे जायचे आणि कागदोपत्री सिद्ध करायचे. ते होईपर्यंत करार चालू आणि पगारही चालू.

मंदीतही मर्जीनुसार माणसे वेचता येत नाहीत. फिलिप्सने ऑक्टोबर २०२२ मध्ये ४,००० आणि जानेवारी २०२३ मध्ये आणखी ६,००० पदे जगभरात कमी करण्याचे जाहीर केले. अशा कपातीत इथला नियम असा की सारख्या कामावरच्या लोकांचे पाच वयोगट करायचे, प्रत्येक गटातून सारख्या प्रमाणात माणसे कमी करायची, आणि गटात जो शेवटी आला तो आधी. साहेबाच्या नावडतीला इथे जागा नाही.

एवढे सगळे टाळण्यासाठीच एचआर सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंटचा कागद पुढे करते. गरज कंपनीला असते, म्हणून ती सही मागते. आणि सही होऊन गेली तरी १४ दिवसांच्या आत लेखी कळवून, कारण न देता, माघार घेता येते. हा हक्क त्या कागदात नमूद केलेला नसेल तर मुदत २१ दिवसांची होते. ‘आजच करा, उद्या ही ऑफर नसेल’ हे वाक्य दबावाचे आहे, कायद्याचे नाही.

‘कायदा डच लोकांसाठी’ हा दुसरा आक्षेप. न्यायाधीश पासपोर्ट पाहत नाही, काम कुठे होते ते पाहतो. फ्लोरिडाच्या चेटू या सॉफ्टवेअर कंपनीचे उदाहरण घ्या. तिची कार्यालये भारतातही आहेत. तिच्या नेदरलँड्समधल्या शाखेसाठी घरून काम करणाऱ्या एका माणसाला ऑगस्ट २०२२ मध्ये फर्मान आले: दिवसभर वेबकॅम चालू ठेवा आणि स्क्रीन शेअर करा. रोज नऊ तास कॅमेऱ्याच्या नजरेखाली बसणे मला मान्य नाही, माझ्या खासगीपणावर हे आक्रमण आहे, असे त्याने कळवले. लगोलग कामास नकार आणि अवज्ञा असा ठपका ठेवून त्याला काढून टाकले. २८ सप्टेंबर २०२२ रोजी न्यायालयाने ही बडतर्फी बेकायदा ठरवली, युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमाचा आधार घेतला आणि कंपनीला सुमारे ७५,००० युरो द्यायला लावले. अमेरिकेत चालणारा खाक्या इथे चालला नाही.

‘नाव खराब होईल’ असेही म्हणतात. इथे निकाल प्रसिद्ध करताना कर्मचाऱ्याचे नाव गाळतात. कंपनीचे नाव मात्र पुष्कळदा राहते, म्हणूनच वर मी चेटूचे नाव लिहू शकलो. शिवाय बहुतेक वाद न्यायालयापर्यंत जातही नाहीत. वकिलाचे पत्र गेले की कराराची तारीख पुढे सरकते, भरपाई वाढते, चांगले शिफारसपत्र देण्याची अट कागदात येते, आणि वकिलाच्या फीचा काही भाग कंपनीच उचलते.

छळाबद्दल आपली माणसे सगळ्यात जास्त गप्प बसतात. सतत अपमान, रात्री अकराला मेसेज, मीटिंगमधून वगळणे. मग झोप उडते, आणि ‘सुटलो एकदाचा’ म्हणून राजीनामा. असा राजीनामा दिला की बेकारी भत्ताही सहसा हातचा जातो. त्यापेक्षा आजारी असल्याचे कळवा. आजार कोणता, हे विचारायचा अधिकार कंपनीला नाही. ते कंपनीच्या डॉक्टरापुरतेच राहते. आजारपणात दोन वर्षे किमान ७० टक्के पगार मिळतो आणि त्या काळात आजाराच्या कारणावरून काढता येत नाही. या अवस्थेत सेटलमेंटवर सही केली तर आजारपणाचा भत्ता बुडू शकतो, हे मात्र पक्के ध्यानात ठेवा. कंपनीतला सार्वजनिक हिताचा गैरप्रकार उघड केल्यावर सूड उगवला गेला, तर फेब्रुवारी २०२३ पासूनच्या कायद्याने, हा सूड नव्हे, हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे.

हे कवच सगळ्यांना सारखे नाही. प्रोबेशनमध्ये किंवा मुदतीचा करार संपताना ते फार पातळ असते. पण तिथेही गरोदर आहे म्हणून करार वाढवला नाही, तर तो भेदभाव ठरतो आणि उत्रेख्तच्या मानवी हक्क मंडळाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

तेव्हा सेटलमेंटचा कागद समोर आला की ‘वकिलाला दाखवून कळवतो’ एवढेच बोला आणि उठा. प्रत्येक मेल जपून ठेवा. युनियनमध्ये नाव घाला, कायदेशीर मदतीचा विमा आजच घ्या. वाद सुरू झाल्यावर तो मिळत नाही. आणि काढलेच, तर बडतर्फीला आव्हान द्यायला फक्त दोन महिने असतात, त्यातला एकही दिवस लोकांचे सल्ले ऐकण्यात घालवू नका.