स्वच्छ प्रत म्हणजे खरी प्रत नव्हे

उज्जैनच्या माधव नगरात जमिनीच्या खसऱ्याची किंवा पुण्यात सातबाराची झेरॉक्स अर्जाला जोडली, की मूळ कागदच दिला असे आपण धरून चालतो. कायदा तिला मूळ मानत नसला, तरी तिच्यावर भरवसा ठेवतो. यांत्रिक प्रक्रियेतच अचूकतेची हमी असेल, तर तिने काढलेली प्रत १८७२च्या पुरावा कायद्याने दुय्यम पुरावा म्हणून स्वीकारली. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती तरतूद कायम ठेवली. पण दरम्यान यंत्राच्या पोटातली प्रक्रियाच पालटली आहे, म्हणून ही हमी आता डोळे मिटून गृहीत धरू नये.

जुन्या यंत्रात दिव्याचा उजेड कागदावरून परतून भिंगातून थेट विद्युतभारित ड्रमवर पडे. कागद पांढरा असेल तिथला भार निघून जाई, अक्षरांपुरता उरे आणि त्याला टोनर चिकटे. पुसट ६ प्रतीतही पुसटच दिसे. आजचे यंत्र कागद आधी वाचते, त्याचे आकड्यांत रूपांतर करते आणि मग लेसरने पान ड्रमवर नव्याने लिहिते. गरगर फिरणाऱ्या बहुकोनी आरशाची एकेक बाजू किरणाला ड्रमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेते आणि तेवढ्या वेळात तो किरण हजारो वेळा लागतो-विझतो. इंचाला ६०० ठिपके धरले, तर ए-फोर पानाला अशा सुमारे ७,००० रेघा लागतात. लेसर आपले काम चोख करतो; मात्र त्याच्या हाती दिलेले आकडेच चुकीचे असतील, तर तो चूकही तितकीच सुबक उमटवतो.

हे घडलेले आहे. २०१३ साली जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांना स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशात तीन खोल्यांचे क्षेत्रफळ एकच, १४.१३ चौरस मीटर, दिसले. मूळ नकाशात उरलेल्या दोन खोल्या २१.११ आणि १७.४२च्या होत्या. फाइल लहान करताना झेरॉक्स कंपनीच्या यंत्राने सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवला होता. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली.

दोष दुरुस्त झाला, मग काळजी कशाला, असे कुणी विचारेल. पण फाइल लहान करण्याची गरज संपलेली नाही आणि त्या काळातले स्कॅन दुरुस्तीने सुधारत नाहीत. हाताने नक्कल करणारा कारकूनही चुकायचाच, हेही खरे. म्हणूनच नक्कल मुळाशी ताडून पाहण्याची शिस्त होती. यंत्र आले आणि ती शिस्त सुटली. प्रत्येक पान तपासायला कचेऱ्यांत माणसे नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण सगळे पान वाचायची गरजच नाही. खसरा क्रमांक, क्षेत्रफळ, रक्कम आणि तारीख एवढे मुळाशी जुळवायला मिनिटही पुरे होते. अभिलेख जपणाऱ्या कार्यालयांनी तपशील न गमावणाऱ्या पद्धतीनेच स्कॅन साठवावेत आणि ‘सत्यप्रत’ हा शिक्का आकडे जुळवल्यावरच मारावा. एका अंकाने जमिनीचा मालक बदलू शकतो. तो अंक माणसाने पाहिलाच पाहिजे.