‘आय-५’ला भुलू नका, पूर्ण नंबर पाहा

स्वस्त डेस्कटॉपच्या जाहिरातीत ‘आय-५’ ठळक असते, पिढी मात्र लिहिलेली नसते. खरी मेख तिथेच आहे. इंटेलचा आय-५ २४०० हा २०११ चा, दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर: चार कोअर, चार थ्रेड. आय-३ १२१०० हा २०२२ चा, बाराव्या पिढीचा: कोअर चारच, पण थ्रेड आठ आणि वेगही कितीतरी जास्त. जुन्या आय-५ला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शेवटचे अक्षरही पाहावे. १२१००एफ मध्ये ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड घेतले नाही, तर स्क्रीन काळीच राहते. म्हणूनच दुकानदारांनी बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहावा आणि त्याशिवाय ग्राहकांनी पैसे देऊ नयेत.