आधी दहा माणसं, मग लिंक



संभाजीनगरात इव्हेंटचं काम करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: नुसता कॅमेरा लावला म्हणजे ऑनलाइन पाहुण्यांची सोय झाली असं नाही.

बेने इस्रायली समाजाचा बार मिट्झवा समारंभ घ्या. हे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आज बरेच जण इस्रायलमध्ये आहेत. मुलगा 13 वर्षांचा झाला की सिनेगॉगमध्ये तोरा वाचतो. समजा, समारंभ अलिबागला आणि आजी इस्रायलमध्ये. ऑर्डर तुमच्याकडे आली, तर?

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ. परंपरा पाळणारे तेव्हा कॅमेरा, मोबाइल वापरत नाहीत. तोरा सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही वाचतात. घरच्यांना विचारून तो दिवस सुचवा. पण आपल्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा इस्रायलमध्ये हिवाळ्यात पहाटेचे साडेचार, उन्हाळ्यात साडेपाच!

म्हणून माझं मत: सकाळ हजर असलेल्यांची ठेवा. तोरावाचनाला परंपरेने दहा प्रौढ पुरुष प्रत्यक्ष लागतात, स्क्रीनवरचे मोजत नाहीत. ते दहा आधी पक्के करा. लाइव्ह ठेवा संध्याकाळी सातला, मलिद्याच्या वेळी. गोड पोहे, फळं, एलियाहू हन्नबीचं स्मरण. तिकडे तेव्हा दुपार असते.

ऑनलाइन पाहुण्यांसाठी एक माणूस वेगळा नेमा आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लावा, लाजू नका. आजीचा आशीर्वाद हॉलमध्ये ऐकू आला तरच ती पाहुणी. नाहीतर नुसती प्रेक्षक.